रॅन्समचा निळ्या काठाचा कप

पाइनी लँडिंग, साउथ कॅरोलिना
रविवार, ३० मार्च १९३०

प्रिय लुरेना,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. फिलाडेल्फियात अजून थंडी आहे, आणि कारखान्यात तुला बाह्यांवरून काढून कॉलर शिवायला बसवलंय, हे सगळं वाचलं. चार वर्षांनी सासूला पत्र लिहायचं आणि त्यातलं एक अख्खं पान कॉलरींवर घालवायचं, हे तुलाच जमतं.

मी बरी आहे. गुडघे धरतात, पण ते चौसष्टीचे गुडघे आहेत, त्यांना धरण्याचा हक्क आहे. चर्चच्या छपरावर नवे पत्रे बसवले. शेजारची मोझेल अजून तशीच आहे, सकाळी माझ्याशी भांडते आणि दुपारी भेंडी घेऊन येते. शनिवारी बाबांची कबर साफ केली. कुणाच्या तरी गायीने दिव्याची काच पाडली होती. बाकी सगळं जागेवर आहे: औषधाची बाटली, चष्मा, आणि शेवटचं पाणी प्यायले तो पेला, मीच दगडाने बूड फोडलेला. माणसाने शेवटचं वापरलेलं भांडं फोडून कबरीवर ठेवलं की मागच्यांना मरणाचं बोलावणं येत नाही, एवढं तरी तुला तिकडे आठवत असेल.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस की युद्धात मेलेल्यांच्या आयांना आणि विधवांना सरकार स्वखर्चाने फ्रान्सला कबरी दाखवायला नेणार आहे, तुला बोलावणं आलंय, मलाही आलं असेल, तर दोघी न्यूयॉर्कात भेटू आणि बरोबर जाऊ.

आलं की. लांबडं, जाड कागदाचं पाकीट. पोस्टमास्तरने ते दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं. म्हणाला, "तामारमावशी, ही श्रीमती विगफॉल कोण गं? तुझ्या घरी कुणी पाहुणी आलीय का?" आम्हा काळ्या बायकांना मावशी म्हणायचं म्हणजे श्रीमती म्हणावं लागत नाही, ही यांची जुनी युक्ती. मी म्हटलं, "मीच ती. द्या इकडे." खरं सांगते, घरी येऊन मी पत्र आधी वाचलंच नाही. नुसता तो एक शब्द बघत बसले. या तालुक्यात आजवर एकाही गोऱ्या हाताने तो माझ्या नावाआधी लिहिला नव्हता.

दोन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. त्यात खरी गोम होती. गोऱ्या आया मोठ्या बोटीतून जाणार, आपण वेगळ्या, लहान बोटीतून. न्यूयॉर्कात त्यांना बडं हॉटेल, आपल्याला हार्लेममधलं वसतिगृह. आणि वर लिहिलंय की दोन्हीकडची सोय सारखीच उत्तम आहे. सारखीच आहे तर दोन कशाला, हे मात्र लिहिलेलं नाही.

गुलामीवरून उत्तर-दक्षिण लढत होते तेव्हा माझे बाबा एका रात्रीत नदी ओलांडून उत्तरेच्या निळ्या कोटवाल्यांच्या गलबतावर चढले आणि मालकाचा माल होते ते सार्जंट झाले. छावणीत अक्षरं शिकले, मग मला शिकवली. घरात कुणाच्याही मालकीची नसलेली जन्माला आलेली पहिली मुलगी मी. पंचाण्णवच्या साली इथे नवीन कायदा झाला, की मत द्यायचं तर राज्यघटनेतलं एक कलम समजावून सांगा. बाबा तो निळा कोट घालून गेले. कलम असं समजावलं की कारकुनालाच कळेना. म्हणून नापास. घरी येऊन कोट खुंटीला लावला आणि मला म्हणाले, "तामार, मी या देशात पुढच्या दाराने आलोय. तू मागच्या दाराने जाऊ नकोस."

म्हणून मी वॉशिंग्टनला लिहिलं: "माझा मुलगा रॅन्सम याला तुम्ही नेलंत तेव्हा गोळ्यांची वेगळी पेटी ठेवली नव्हती. मी वेगळ्या बोटीतून येणार नाही." शुक्रवारी टाकलं. त्यात तुझाही नकार लिहून टाकलाय, तुझा टपालखर्च वाचवला. दोन नावं असली की कागदाला वजन येतं.

रॅन्समचा देह फ्रान्सलाच का ठेवला गेला, हे तू पुन्हा काढलंस. त्याबद्दल आता काय लिहायचं? सरकारी कागद, चुका होतात. ते जाऊ दे. त्याचा निळ्या काठाचा कप फळीवर आहे तसाच आहे. कुणी हात लावलेला नाही.

गरम कपडे घाल.

तुझी सासू,
तामार


पाइनी लँडिंग
रविवार, २७ एप्रिल १९३०

प्रिय लुरेना,

आशीर्वाद, घ्यायचे असतील तर.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तोफेचा गोळाच होता. वॉशिंग्टनहून तुला "आपला नकार नोंदवला आहे" असं कळवलं गेलं, आणि तू मला विचारतेस, "मी नकार दिलाच नव्हता. माझ्या वतीने सही करायला तुम्हाला माझा हात कुणी दिला?"

याचं उत्तर देते. आधी मिस अडेलचं ऐक.

मिस अडेल पॉटर, गोऱ्या बाईला लग्नानंतरही आपण मिसच म्हणायचं, मे महिन्यात मोठ्या बोटीने निघते आहे. तिचा मुलगा ल्यूकसही तिथेच पडला. बावीस वर्षं मी तिच्या घरचे कपडे धुतले, पण ती कधी माझ्या अंगणात आली नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी आली, नवीन टोपी घालून. पोस्टमास्तरच्या तोंडात काही राहत नाही.

"तामारमावशी, तू नाही म्हणालीस? अगं, फुकट जायला मिळतंय!"

"नाही म्हणाले, मिस अडेल."

"तुमच्या बोटीतही गाद्या मऊ आहेत म्हणे."

"असतील."

"मग अडतंय कुठे?"

मी हातातली चादर पिळून दोरीवर टाकली. म्हटलं, "तुमचा ल्यूकस आणि माझा रॅन्सम एकाच कबरस्तानात आहेत ना?"

"हो ना! केवढा योगायोग."

"पोरं एका मातीत झोपलेली चालतात. आया एका बोटीत बसलेल्या चालत नाहीत. मला एवढंच कळत नाही, बाकी सगळं कळतं."

ती लाल झाली. "तुला कुणीतरी फूस लावलीय. ती फिलाडेल्फियावाली सून असणार!"

मला हसूच आलं. म्हटलं, "तिला तर यायचंय. फूस लावली असेल तर ती माझ्या बापाने. तुमचे वडील दक्षिणेच्या करड्या कोटात होते, माझे उत्तरेच्या निळ्या. याच नदीवर एकमेकांवर गोळ्या झाडत होते. मग दोघांचे नातू एका झेंड्याखाली परमुलखात गेले आणि देश जिंकला म्हणे. सगळं जग आता आपल्या देशाला वाकून नमस्कार करतं, असं तुमचं वर्तमानपत्र लिहितं. आणि त्याच देशाला दोन म्हाताऱ्या एका बोटीत बसवता येत नाहीत."

ती जायला वळली. फाटकापाशी थांबली. अगदी हळू म्हणाली, "मी तुझ्या मुलाच्या कबरीवर फुलं ठेवली तर चालतील का?"

लुरेना, त्या क्षणी ती नुसती एक आई होती, हे मी नाकारणार नाही. म्हटलं, "ठेवा. आणि त्याला सांगा, आई का आली नाही ते. खरं सांगा."

सोमवारी तिच्याकडचं धुण्याचं गाठोडं आलं नाही. या सोमवारीही नाही. पाळकसाहेब येऊन म्हणाले, "भगिनी, नमतं घ्या, सगळ्यांनाच त्रास होईल." त्यांना लिंबाचं सरबत दिलं आणि परत पाठवलं.

हे सगळं तुला ऐटीत सांगितलं. सांगताना मला बरं वाटत होतं. पण तुझा प्रश्न अजून टेबलावर पडलाय, आणि मी या ओळीआधी दोनदा उठून चूल बघून आले. चुलीवर काही नाही.

एकोणीसच्या जूनमधली गोष्ट. तू एप्रिलमध्येच उत्तरेला गेली होतीस. मोझेलचा मुलगा होझिया फ्रान्सहून परत आला, वर्दी घालून, छातीवर फ्रेंचांनी दिलेलं पदक लावून. मी स्टेशनमास्तरचे धुतलेले कपडे पोचवायला गेले होते, म्हणून मी तिथे होते. आठ-दहा गोऱ्यांनी त्याला गाडीतून उतरल्याउतरल्या घेरलं. त्यांच्यातल्या निम्म्यांना मी लहानपणापासून ओळखत होते. आधी चाकूने बटणं कापली. मग कोट उतरवला, मग पॅन्ट. एकजण म्हणाला, "ही वर्दी तुझ्या मापाची नाही." होझियाला आतल्या कपड्यांवर भर रस्त्यातून घरापर्यंत चालवलं. अर्ध्या वाटेत मोझेल धावत आली आणि तिने आपला ॲप्रन सोडून त्याच्या कमरेला बांधला. त्याच आठवड्यात तो गाव सोडून गेला, तो आजवर इकडे फिरकलेला नाही.

हे शुक्रवारी झालं. सोमवारी कार्ड आलं.

कार्ड तुझ्या नावाचं होतं. रॅन्समने भरती होताना माझ्या घरचा पत्ता दिला होता, म्हणून माझ्याकडे आलं. त्यावर दोन चौकोन होते: देह घरी पाठवायचा, की तिकडेच ठेवायचा. आणि खाली स्वच्छ छापलं होतं की निर्णयाचा पहिला हक्क पत्नीचा, पत्नी नसेल तर आईवडिलांचा. मी ते वाचलं. वाचता येत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही, बाबांनी ती ठेवलीच नाही.

फिलाडेल्फियाला पत्र जायला तीन दिवस लागतात. तीनच दिवस. तेवढे मी थांबले नाही. माझ्या डोळ्यांपुढे तेच स्टेशन होतं. त्याच फलाटावर पेटी उतरणार, वर झेंडा पसरलेला, आणि भोवती तीच माणसं. त्यांनी त्या झेंड्याला हात घातला असता. रॅन्समला एकदा युद्धाला दिलं होतं, आता या माणसांच्या हाती मी देणार नव्हते. तिकडे त्याला कुणी उठवणार नव्हतं, त्याच्या नावाचा क्रूस कुणी उपटणार नव्हतं.

मी "तिकडेच ठेवा" वर फुली मारली आणि खाली तुझं नाव लिहिलं. तुझ्या सहीतला तो वेलांटी घेतलेला एल आधी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर चार वेळा गिरवला, मग कार्डावर काढला.

वीस साली तू कळवळून लिहिलंस, "मी असं कधीच कळवलं नाही, आई, हे कसं झालं?" मी उत्तर दिलं, "सरकारी कागद, चुका होतात." दोन वर्षं तू खात्याला अर्ज करत राहिलीस आणि ते तुला तुझीच सही दाखवत राहिले. इकडे चर्चमध्ये बायका म्हणायच्या की लुरेनाला उत्तरेची हवा लागली, नवऱ्याला परमुलखात टाकून मोकळी झाली. मी गप्प राहिले असं लिहिणार होते. पण मी गप्प नव्हते राहिले. मी मान हलवली होती.

त्या फुलीचा मला पश्चात्ताप नाही. उद्या तेच कार्ड आलं तर मी माझं म्हणणं तेच मांडेन, आणि तुझ्याशी दिवसभर भांडेन. पण भांडण तुझ्याशी करायला हवं होतं. ते न करता मी तुझाच हात चोरला. आणि अकरा वर्षांनी, गेल्या महिन्यात, टपालखर्च वाचवते म्हणत पुन्हा चोरला. बाबांच्या हातातून कारकुनाने मत काढून घेतलं तेव्हा मी आठवडाभर जेवले नव्हते, आणि मीच हे केलं.

क्षमा माग असं कुणी मला सांगितलेलं नाही. मी मागते आहे. देऊ नकोस, घाई नाही.

तामार


पाइनी लँडिंग
रविवार, २९ जून १९३०

प्रिय लुरेना,

आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. "बारा जुलैला निघते आहे. बाकी काही लिहायची इच्छा नाही." ठीक आहे. मी लिहिते, तू वाच.

वॉशिंग्टनला मी त्याच एप्रिलमध्ये दुसरं पत्र टाकलं होतं: "माझ्या सुनेचा नकार मी लिहिला होता, तिने नव्हे. तो खोडावा. तिला यायचं आहे. एकोणीस सालच्या कार्डावरची तिची सहीसुद्धा माझ्याच हाताची होती, तीही नोंदवून ठेवावी. माझा नकार माझा आहे, तो तसाच ठेवावा." खोटी सही केली म्हणून पकडायला येतील असं मोझेलला वाटतं. येऊ देत. दार पुढचंच आहे.

आज चर्चमध्ये साक्षीची, उठून मनातलं सांगायची, वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. पाळकसाहेबांना वाटलं गुडघ्यांसाठी प्रार्थना मागतेय. मी म्हटलं, "अकरा वर्षं तुम्ही माझ्या सुनेला नावं ठेवलीत. ती नावं माझ्या वाट्याची होती, मला ठेवा." आणि सगळं सांगितलं, फुलीपासून एलपर्यंत. स्टेशनावरचंही मोठ्याने सांगितलं, जे या गावात कुणी कधी मोठ्याने बोललेलं नाही. बायकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले. मग मोझेल उठली. मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "तामार, हे आधी बोलली असतीस तर त्या पोरीला नावं ठेवायचे माझे एवढे कष्ट वाचले असते." मग रडली. मग मीही.

मी तुला जाऊ नकोस म्हणणार नाही. अजूनही ती बोट मनात आली की मला संताप येतो. पण आपल्यातल्या बऱ्याच जणी जाताहेत. त्यांचं मुलांवर प्रेम आहे आणि त्या मूर्खही नाहीत. तू जा. ताठ मानेने त्या शिडीवर चढ. कुणी विचारलं, सासू का आली नाही, तर सांग की एकच बोट सोडा, ती दुसऱ्या दिवशी हजर होईल.

या पत्राबरोबर एक पार्सल आहे. हळू उघड. त्यात रॅन्समचा कप आहे.

तुला आठवतं, लग्नानंतर तू एकदा त्यातून कॉफी प्यायलीस आणि मी केवढं तोंड सोडलं होतं. छावणीला निघाला त्या सकाळी तो शेवटचा याच कपातून प्यायला. मी तो धुतला नाही. तळाशी डाग दिसेल, तो त्या सकाळचा आहे. बाबांचा पेला मी दुसऱ्याच दिवशी फोडून ठेवला होता. हा तेरा वर्षं फोडला नाही. लोकांना सांगायची, कबरच इथे नाही तर ठेवणार कुठे? खरं कारण ते नव्हतं. कप शाबूत आहे तोवर तो कधीही येऊन कॉफी मागेल, असं मला वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

त्याचं बूड फोडायचा हक्क तुझा. पहिला हक्क पत्नीचा, हे मी तेव्हाही वाचलं होतं. तिथले रखवालदार कबरीवर काही ठेवू देत नसतील, तर गवताखाली जागा कर. तू या घरची सून आहेस, तुला जागा सापडेल. किंवा नको फोडूस. परत आण, तुझ्या फळीवर ठेव, हवं तर रोज त्यातून कॉफी पी, मी हूं की चूं करणार नाही. तुझ्या हाताने काय करायचं ते यापुढे मी सांगणार नाही.

एक निरोप मात्र घेऊन जा. त्याला सांग, आई नाही म्हणाली ती तुला नव्हे. तिला तुझ्याकडे यायचं होतं, एवढं की पहिलं पत्र वाचून होताच तिने टोपी काढून झटकून ठेवली होती. आणि सांग की तुझ्या बायकोचं नाव आईने एकदा चोरून लिहिलं होतं, ते तिने तिला परत केलंय.

खालची सही नीट बघ. माझ्याच हाताची आहे, माझ्याच नावाची, आणि नावाआधीचा शब्द मला कुणी दिलेला नाही, मी घेतला आहे.

श्रीमती तामार विगफॉल